लाल दिवा

पडाव म्हणजे मुक्काम. परंतु ग्वाल्हेरच्या पडावावर आमच्या गाडीचा मुक्काम पडेल, तोही भर दुपारी आणि वैशाखाच्या उन्हात, असे आम्हांला कधी वाटले नव्हते.

गाडी तशी आमची नव्हे. आमच्या थोरल्या बंधूंची. गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ नावाची ही दोन आसनांची लहानशी मोटार. अंग फायबरचे, इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचे, शक्ती सुमारे बाराशे घनसेंटिमीटरच्या इंजिनाला शोभेल इतकी. पण ऐट मात्र शर्यतीच्या घोड्याची! भाऊंनी ती जुनी झालेली विकत घेतली आणि हौसेने तिच्यात फेरफार केले. चाके रुंद केली, आसने बदलली आणि धुराचा नळ काढून जाड, घुमणाऱ्या आवाजाचा दुसरा बसवला. त्या कामी आम्ही त्यांचे मदतनीस होतो. भाऊ गेले, गाडी राहिली. त्यांचा चिरंजीव सज्ञान झाला की ती त्याच्या स्वाधीन करावयाची, तोवर आम्ही तिचे राखणदार.

त्या दिवशी पुतण्याला बरोबर घेऊन आम्ही उरवाई दरवाजाने किल्ल्यावर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याची झाशीला परीक्षा होती. “आगगाडी कशाला? शंभर किलोमीटर तर अंतर! बाबांच्या गाडीतून ऐटीत जाऊ,” असे वचन आम्ही देऊन बसलो होतो. किल्ला उतरून फुलबागेवरून येताना, 1858 साली धारातीर्थी पडलेल्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीला दुरून नमस्कार केला आणि पडावाच्या गर्दीत गाडी मंद केली, तोच समोर तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लुकलुकू लागला.

पिवळा दिवा म्हणजे ‘जपून’, लाल म्हणजे ‘थांब’, हा संकेत जगभरच्या मोटारींत सारखाच आहे. तेलाचा दाब नाहीसा झाला तर इंजिनातील धातूवर धातू घासतो आणि काही क्षणांत सारे यंत्र जाम होऊ शकते. आम्ही तत्काळ इंजिन बंद केले. पुतण्या व दोन सज्जन पादचारी ह्यांच्या साहाय्याने गाडी ढकलत, स्टेशनाच्या बाजूस असलेल्या एका वृद्ध मिस्त्रींच्या दुकानी नेली.

गर्दी जमायला वेळ लागला नाही, आणि सल्ल्यांनाही. एक म्हणाला, “इंजिन गेले.” दुसरा म्हणाला, “दिव्याची तार काढून टाका, कटकट मिटेल.” खरे सांगायचे तर हा दुसरा सल्ला आम्हांला मनातून गोड वाटला. दिलेले वचन, उद्याची परीक्षा, पुतण्याचा उतरलेला चेहरा!

मिस्त्रींनी कोणाचेच ऐकले नाही. प्रथम त्यांनी तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली आणि पाहिली. तेल दोन्ही खुणांच्या मध्ये होते. मग इंजिनावरील तेलाच्या स्विचची तार उपटून त्यांनी केवळ चावी फिरवली. दिवा लागलेलाच!

येथे आमच्यातील शास्त्रशिक्षक जागा झाला. ह्या दिव्याची रचना अगदी साधी असते. दिव्यापासून निघालेली तार स्विचपर्यंत जाते. तेलाला दाब नसला की स्विच ती तार इंजिनाच्या धातूला जोडतो, मंडल पुरे होते आणि दिवा लागतो. दाब आला की स्विच मंडल तोडतो, दिवा विझतो. मग तार स्विचपासून सुटलेली असतानाही दिवा जळतो ह्याचा अर्थ एकच : ती वाटेत कोठे तरी धातूला टेकली आहे.

मिस्त्री वाकून तारेचा माग काढू लागले. भाऊंनी बसवलेल्या त्या घुमणाऱ्या नळाशेजारी तिचे आवरण वितळले होते, आणि इंजिन मंद चालून थरथरले की उघडे तांबे नळाला स्पर्श करीत होते. तार तेथे प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेली होती. ती पट्टी आम्ही ओळखली. वर्षांपूर्वी ती आम्हीच आमच्या हातांनी बांधली होती, आणि भाऊंनी “जरा लांबून ने रे,” असे म्हटले असता “काही होत नाही,” असे उत्तर दिले होते.

असो. तारेला नवे आवरण चढले, ती नळापासून दूर नेण्यात आली, स्विचला पुन्हा जोडण्यात आली. मिस्त्रींनी चावी फिरवली. दिवा विझलेला! पुतण्याने टाळी वाजवली. आम्ही खिशात हात घातला. मिस्त्री मात्र गंभीर झाले.

“मास्टरसाब, बत्ती झूठ बोले तो चलेगा, चुप रहे तो डरिए.”

आम्हांला उमगेना. तेव्हा त्यांनी विचारले, “इंजिन चालू आहे का?” नव्हते. इंजिन बंद, म्हणजे दाब शून्य. म्हणजे ह्या क्षणी दिवा लागलाच पाहिजे! आम्ही मनातल्या मनात ओशाळलो. बावीस वर्षे मुलांना विद्युन्मंडल शिकवतो आहोत. मिस्त्रींनी तार काढून तिचे टोक इंजिनाला टेकवले, दिवा लागला. म्हणजे दिवा शाबूत, तार शाबूत. मुका झाला होता तो स्विच. किती महिने, कोणास ठाऊक! चावी फिरवल्यावर हा दिवा उजळतो की नाही, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. खोटी ओरड झाली म्हणून खरा पहारेकरी झोपलेला सापडला.

मग त्यांनी स्विच काढून त्या जागी दाबमापक बसवला. हजार फेऱ्यांमागे दर चौरस इंचास सुमारे दहा पौंड, असा कारागिरांचा ठोकताळा असतो. इंजिन तापल्यावर मंद गतीत काटा वीसावर राहिला आणि तीन हजार फेऱ्यांना पन्नासाच्या वर गेला. इंजिन निरोगी होते. परंतु नवा स्विच त्या दिवशी बाजारात मिळाला नाही.

“इंजिन ठीक आहे, तर उद्या जायला काय हरकत?” आम्ही अखेरचा प्रयत्न केला.

“आज ठीक आहे हे मापकाने सांगितले. रस्त्यात बिघडले तर कोण सांगेल?” मिस्त्री म्हणाले, आणि स्टेशनाकडे बोट दाखवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुतण्याला आगगाडीत बसवताना आमची मान खाली होती. तो म्हणाला, “काका, बाबा असते तर त्यांनीही हेच केले असते.” गाडी सुटेपर्यंत आम्हांला उत्तर सुचले नाही.

चार दिवसांनी स्विच आला. आता रोज चावी फिरवल्यावर आम्ही क्षणभर थांबतो, लाल दिवा लागला आहे ना हे पाहतो आणि मगच इंजिन सुरू करतो. विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरील लाल खुणांचा आपल्याला राग येतो, वडीलधाऱ्यांचे टोकणे नकोसे वाटते. त्यांतील एखादी खूण चुकीचीही असेल. ती तपासून अवश्य पाहावी. पण तार मात्र उपटू नये. आणि आपल्याला कोणी टोकेनासेच झाले, तर आनंद मानण्यापूर्वी एकदा इंजिनाकडे पाहावे.