भिंतीवरचा समुद्र

परवां आमच्या घरांत एक आरमार बांधलें गेलें. त्याला सागाचें लांकूड लागलें नाहीं कीं लोखंडाचा खिळा लागला नाहीं. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, खळ, सुतळी, नीळ आणि गेरू एवढ्या सामुग्रीवर तें सिद्ध झालें. आणि त्याचा मुख्य मिस्त्री कोण, तर ज्यानें तीस वर्षांत खडूखेरीज दुसरें हत्यार हातीं धरलें नाहीं असा हा प्राध्यापक!

निमित्त माझ्या नातवाचें. त्याला पांच वर्षें पुरीं झालीं, तेव्हां आतां त्यानें निराळ्या खोलींत निजावें, असें त्याच्या आईनें ठरविलें. परंतु दिवा मालवला कीं कोपऱ्यांत कोणीतरी येऊन उभें राहतें, अशी या गृहस्थांची पक्की खात्री. त्या खोलीची कांहीं गोडी लागावी म्हणून मीं विचारलें, "भिंतींवर काय हवें?" क्षणाचाहि विलंब न लावतां तो म्हणाला, "समुद्र!" पुण्यांतल्या मुलानें दुसरें काय मागावें?

समुद्राविषयींचें माझें ज्ञान पुस्तकी, आणि तेंहि इंग्रजी. लहानपणीं वाचलेल्या चांच्यांच्या गोष्टींतलीं चित्रें डोळ्यांपुढें आणून मी कामाला लागलों. पुठ्ठ्याचा नांगर कापून त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटविला. भरतकामाच्या लांकडी कड्याला केरसुणीचे हीर बांधून सुकाणूचें चाक केलें. होकायंत्राच्या आठ दिशा काढल्या. मग तीन डोलकाठ्यांचें, चौकोनी शिडांचें एक टोलेजंग जहाज उभारलें. त्याच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा लावला व उजव्या अंगाला हिरवा, कारण साऱ्या जगांतील जहाजें हा संकेत पाळतात. नातवाला हें सारें समजावून देतांना मला अगदीं खलाशी झाल्यासारखें वाटत होतें.

तेवढ्यांत आई दारांत येऊन उभी राहिली आणि माझा हात जागच्या जागीं थांबला.

माझ्या आईचें माहेर थळचें. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि वाटेंत वादळांत कलंडून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यांत आईचे वडील होते. देश स्वतंत्र व्हायला महिनाहि उरला नव्हता, आणि आईला तेव्हां सातवें वर्ष होतें. त्या दिवसाविषयीं ती आमच्यापाशीं कधीं बोलली नाहीं. एवढेंच आठवतें, कीं भाऊच्या धक्क्यावरून थोडक्या वेळांत पलीकडे जातां येत असतांहि ती आम्हां भावंडांना पनवेलवरून वळसा घालून मोटारीनेंच आजोळीं नेई. आणि तिच्याच घरांत मी भिंतभर पाणी पसरून बसलों होतों! तें सारें उतरवून टाकावें असें मनांत आलें. पण नातू तिचा हात ओढीत आंत घेऊन आला. "पणजी, ही बघ माझी बोट!"

आईनें चष्मा लावला. चाकावरून बोट फिरवीत ती म्हणाली, "अरे, आमच्याकडच्या गलबतांना असलें चाक नसे. तांडेल मागें बसून सुकाणूचा दांडा हातांत धरी. आणि शीड तिरकें असे." मीं निमूटपणें शिडांना कात्री लावली. थोड्या वेळानें तिनें विचारलें, "आणि दिवा कुठें आहे?" नातवानें तांबडा-हिरवा दाखविला. "हे बोटीचे झाले. किनाऱ्यावरचा?"

तो मला सुचलाच नव्हता. थळसमोर समुद्रांत खांदेरीचें बेट आहे. तेथील दीपगृह १८६७ सालचें. तेंच आम्हीं रिकाम्या डब्याचें केलें आणि आंत विजेरी बसविली. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप निराळी असते, तिचे क्षण मोजून खलाशी किनारा ओळखतो, हें ऐकतांच नातवानें आपली खूण ठरवून टाकली: दोनदां आंखूड, एकदां लांब.

रात्रीं तो उघडझाप करीत होता आणि आई उशाशीं बसून मोजीत होती. माझ्या मनांत आलें, 'रामदास' भर दिवसा बुडाली. कोणताहि दिवा तिला वांचवूं शकला नसता. हें आईला माझ्याहून चांगलें ठाऊक होतें. तरीहि तिनें दिवाच कां मागावा?

जणूं मीं तें मोठ्यानें विचारलें अशा तऱ्हेनें आई म्हणाली, "तो दिवस दिव्याच्या अंवसेचा होता. आईनें सगळे दिवे घासून पाटावर मांडले होते. रात्रीं ते तिनें आंत नेलेच नाहींत. ओटीवर उजाडेपर्यंत तेवत ठेवले."

पंचावन्न वर्षांत हें मीं प्रथमच ऐकलें. मुलाला भय वाटूं नये म्हणून मीं भयच नसलेला समुद्र भिंतीवर चितारूं पाहत होतों. आईनें त्यांतलें कांहींहि पुसलें नाहीं. उणें होतें तेवढें भरून काढलें.

नातू झोंपी गेला. विजेरी तशीच जळत होती. मसाला उगाच संपेल म्हणून मी ती मालवावयास वांकलों, तों आई हलकेंच म्हणाली, "राहूं दे रे."