सेवेचे पथ्य

दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, ही इच्छा चांगलीच आहे. परंतु इच्छा चांगली असली म्हणजे काम चांगले होतेच, असे नाही. औषधाला जसे पथ्य लागते, तसे सेवेलाही लागते.

बेंगळुरूमध्ये बांधकाम मजुरांच्या एका वस्तीत दर रविवारी प्रौढांचा साक्षरता वर्ग भरतो. मी तेथे शिकवायला जाते. एकदा कोणा दात्याने वह्या पाठवल्या. एका उत्साही स्वयंसेवकाने मुलांना रांगेत उभे केले आणि हातात वही देऊन तो प्रत्येकाचे छायाचित्र काढू लागला. बिदरकडून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या एका मावशी पुढे झाल्या. त्यांनी आपल्या नातीला रांगेतून बाजूला घेतले आणि त्या मला म्हणाल्या, ‘‘वही राहू द्या, बाई. आम्ही कष्ट करून खातो. गावात कुणी हा फोटू पाहिला, तर पोरगी मागून आणते म्हणतील.’’ हजेरीपटावर अंगठ्याऐवजी सही करता यावी, म्हणून त्या वर्गाला येत असत. पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत.

त्या स्वयंसेवकाचा हेतू वाईट नव्हता. परंतु त्याने दिली एक वही आणि घेतला एका कुटुंबाचा मान. देताना आपण नकळत काय घेतो, याचा विचार सेवकाने करायला हवा.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी तो फार पूर्वी केला होता. १९०५ साली पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. सभासद होणाऱ्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशसेवा करताना स्वतःचा लाभ पाहणार नाही, जात वा धर्म न पाहता सर्वांसाठी काम करीन, संस्था देईल तेवढ्यात समाधान मानीन, वैयक्तिक आयुष्य शुद्ध ठेवीन, कोणाशी व्यक्तिगत भांडण करणार नाही, अशा त्या प्रतिज्ञा होत्या. त्यांत किती काम करावे, याच्या आकड्यांपेक्षा सेवकाने कसे वागावे, यावरच भर आहे.

या विचाराचा धागा बेंगळुरूपर्यंत पोहोचला. कन्नड लेखक आणि पत्रकार डी. व्ही. गुंडप्पा गोखल्यांना आदर्श मानत. १९४५ साली त्यांनी या शहरात गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक जीवनाच्या अभ्यासासाठी एक संस्था उभारली. १९७० साली त्यांचा मोठा सत्कार होऊन त्यांना थैली अर्पण करण्यात आली. ती रक्कम त्यांनी या संस्थेलाच देऊन टाकली. प्रतिज्ञा कागदावर राहिली नाही, तर ती अशी दिसते.

आपण सामान्य माणसे एवढे करू शकणार नाही. पण साधी पथ्ये पाळू शकतो. दिलेली वेळ पाळावी. मिळालेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब न मागता द्यावा. विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट बाहेर नेऊ नये. विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र काढू नये. मदतीच्या बदल्यात मत, धर्म किंवा आभारही मागू नयेत. आमच्या वर्गात आता वह्या टेबलावर ठेवलेल्या असतात. ज्याला हवी, तो आपल्या हाताने घेतो.

हे नियम शिकण्यासाठी मोठे ग्रंथ वाचावे लागत नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी कोणाची मदत घेतलेली असते. ती घेताना कोणता शब्द बोचला, कोणत्या नजरेने खाली पाहायला लावले आणि कोणाच्या वागण्याने आपला मान राखला, हे आपल्याला पक्के आठवते. ज्याने हात पुढे केला आहे, त्यालाच देण्याची रीत अधिक कळते. म्हणून उद्या देण्याची वेळ आपल्यावर आली, तर घेणाऱ्याच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. सेवेचे सारे पथ्य त्यात आले.