मैफलीचे मोल

प्रत्यक्ष संगीत ऐकण्याची किंमत तिकिटावर छापलेल्या आकड्यापुरती कधीच मर्यादित नसते. प्रवास, मुक्काम, रजा आणि रांगेतला वेळ तीत मिसळला की रसिकाला आनंदाचाही हिशेब मांडावा लागतो. पाचशे रुपयांहून अधिक दराच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर, म्हणजे विक्रीवरील अप्रत्यक्ष कर, लागतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झालेल्या कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमांची तिकिटे मूळ दराच्या कित्येक पटींनी पुन्हा विक्रीस आली, तेव्हा ऐपत हाच रसिकतेचा निकष ठरतो की काय, अशी शंका बळावली.

पुण्यात १९५३ साली पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठक, म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसण्याची जागा, तुलनेने स्वस्त राहिली. मात्र तेथे आखडलेले गुडघे आणि दाटी ही वेगळी किंमत मोजावी लागते. शिवाय खुल्या जागेतील रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवर २००० सालच्या नियमांनी मर्यादा आल्यावर रात्रभराच्या मैफली ओसरल्या आणि पहाटेच्या ललत रागाचा नैसर्गिक प्रहर हुकला. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क रास्तच आहे. तरीही वेळेचे हे नुकसान कोणत्याही पैशाने भरून निघणारे नाही.