यंत्रातला भैरव

चरणजीत सिंग यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२ साली एचएमव्हीने काढली आणि ती लवकरच विस्मरणात गेली. ‘कुर्बानी’ चित्रपटाला दोन वर्षं झाली होती, डिस्को गावोगाव पोचला होता. पण या तबकडीत ना गायिका, ना नाचायला बोलावणारे शब्द. राग ऐकणाऱ्यांनी ‘डिस्को’ वाचून ती बाजूला ठेवली असेल, नाचणाऱ्यांनी ‘राग’ वाचून.

सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. तिथल्या वाद्यवृंदांतल्या माणसांची नावं पडद्यावर क्वचितच यायची. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जुळवली: ठेक्यासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३, सुरावटीसाठी ज्युपिटर-८. आणि भैरव, ललित, तोडी, यमन असे दहा राग त्यांवर वाजवले. २००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला ही तबकडी दिल्लीत सापडली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, आणि युरोपातले श्रोते थक्क झाले. शिकागोत १९८७ साली ‘अ‍ॅसिड हाऊस’ म्हणून जे गाजलं, त्याच्याशी हिचा आवाज विलक्षण जुळत होता, आणि ही तर पाच वर्षं आधीची! तेव्हापासून सिंग यांना त्या संगीताचे जनक म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. कौतुक खरं आहे, पण त्यात राग हरवतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागात ही तबकडी ऐकतो. इथं भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतो, त्यामुळे यंत्राच्या ठेक्याचं आम्हाला अप्रूप नाही. चादरीच्या मागावर जॅकार्ड बसवलेला असतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वरून एकेक सरकत येते. भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथं तो खालीच राहतो, धोटा त्यातून पलीकडे जातो, आणि असं होत होत चादरीवर मोर उमटतो. ८०८वर सोळा बटणं ओळीनं आहेत. दाबलं तिथं ठोका, नाही तिथं रिकामी जागा. त्या पुठ्ठ्यांकडे पाहत वाढलेल्या माणसाला हा ठेका कोरडा वाटत नाही, त्यात नक्षी दिसते.

भैरवाच्या सुरुवातीला तर यंत्रातून ‘ॐ नमः शिवाय’ हा षडक्षरी मंत्र ऐकू येतो, माणसाचा आवाज धातूतून गाळल्यासारखा. सिद्धरामेश्वरांच्या या गावात, जिथं संक्रांतीला नंदीध्वजांपुढे ‘बोला हर्र’ घुमतं, तिथं तो ऐकताना मला त्यात थट्टा किंवा नवलाई जाणवत नाही. सिंग यांनी तो मनापासून घातला आहे असंच वाटतं.

आणखी एक गोष्ट. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं. एक मोठा आक्षेप हा, की तिच्यात मींड निघत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं तर पट्टी सोडून पट्टीच दाबावी लागते. टीबी-३०३मध्ये स्वर घसरत नेण्याची सोय आहे. बास गिटारची साथ मिळावी म्हणून केलेलं ते यंत्र फारसं खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंदही झालं, पण रागाला हवी असलेली ती एक गोष्ट त्याच्यात होती. ती ओळखायला रागांत मुरलेला कान लागतो.

सिंग यांनी उतारवयात युरोपात हे राग पुन्हा रंगमंचावर वाजवले. २०१५ मध्ये ते गेले. आपल्याकडे मात्र ही तबकडी अजून शास्त्रीय संगीताच्या गप्पांत येत नाही, याची मला खंत आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मालकंस लावावा. त्यात रिषभ नाही, पंचम नाही, त्यामुळे राग चटकन ओळखू येतो. आणि मोबाइलवर ऐकू नये. खर्ज त्यातून नीट येत नाही.