शनिवारची सुट्टी आणि गप्प बसलेला रिपोर्ट



गेल्या आठवड्यात ऑफिसमधला एक नवा मुलगा विचारत आला, "सर, कॅलेंडर टेबलमधल्या एका कॉलमचा अर्थ थोडासा बदलायचाय. दहा मिनिटांचं काम आहे, करून टाकू?" मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि २००७ सालची गोष्ट सांगितली. आपल्यापैकी बरेच जण याच धंद्यात आहेत, म्हणून इथेही लिहितोय.

जुन्या कुवेतकरांना आठवत असेल, १ सप्टेंबर २००७ पासून इथली सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली. शनिवार-रविवार सुट्टी घेणाऱ्या देशांशी तोवर आठवड्याचे तीनच दिवस जुळायचे, ते चार झाले. आमच्या कंपनीनेही ऑफिस आणि मेंटेनन्सच्या लोकांसाठी तोच बदल केला. मी तेव्हा तिथले रिपोर्ट सांभाळायचो. एसक्यूएल सर्व्हरवर एक कॅलेंडर टेबल होतं, त्यात प्रत्येक तारखेपुढे सुट्टी आहे की नाही एवढा एक कॉलम. मी गुरुवारचा एक काढून शून्य केला, शनिवारचा शून्य काढून एक केला, आणि घरी गेलो. खरंच दहा मिनिटं लागली!

पहिली चूक दोन दिवसांत कळली. मी बदल वारावरून केला होता, तारखेवरून नाही. त्यामुळे मागची सगळी वर्षंही बदलली. ऑगस्टचा छापून फाइल केलेला आकडा आणि डॅशबोर्डवरचा ऑगस्टचा आकडा जुळेना. अकाउंट्सवाल्यांनी लगेच फोन केला. शिव्या खाल्ल्या, दुरुस्त केलं, विषय संपला असं वाटलं.

दुसरी चूक मात्र ओरडली नाही. ओव्हरटाइमचा रिपोर्ट माझं कॅलेंडर वाचतच नव्हता. माझ्या आधीच्या माणसाने त्यात सरळ ५ आणि ६ असे वार लिहून ठेवले होते, म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार. सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलं तर फोरमन चिठ्ठी द्यायचा आणि त्या तासांना जास्त दर लागायचा. आता लोक शनिवारी येत होते, चिठ्ठ्याही होत्या, पण रिपोर्टच्या लेखी शनिवार साधा दिवस. एरर नाही, कोरा रकाना नाही, बेरजा बिनचूक.

मजा म्हणजे डॅशबोर्डवर ओव्हरटाइमचा खर्च उतरलेला दिसला आणि मोठे साहेब खूष झाले. सप्टेंबरच्या मध्याला रमजान सुरू झाला होता, कामाचे तास कमी, त्यामुळे खर्च उतरणारच असं सगळ्यांनी धरून चाललं. मीसुद्धा.

पगारानंतर रत्नागिरीकडचा एक इलेक्ट्रिशियन माझ्या टेबलाशी आला. हातात पगाराची स्लिप आणि खिशातल्या डायरीचं फाटकं पान. "साहेब, रागावू नका, पण तीन शनिवार आलो होतो. हिशेब लागत नाही." फोरमनने त्याला 'कॉम्प्युटरचा हिशेब आहे, चुकणार नाही' असं सांगून परत पाठवलं होतं. मी मराठी म्हणून तो माझ्याकडे आला, एवढंच. त्याचं पान घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात घाम फुटला. त्याचे सात दिनार आणि वर काही फिल्स कमी आले होते. तुम्हाला-मला सात दिनार म्हणजे काय, पण त्याच्या पगारात ती रक्कम दिसत होती. आणि तो एकटा नव्हता, मेंटेनन्सचे बरेच जण होते. बाकीच्यांनी डायरी ठेवली नव्हती.

पुढच्या महिन्यात सगळ्यांचा फरक दिला गेला. साहेबांना डॅशबोर्डची 'बचत' नक्की कोणाच्या खिशातून आली ते सांगताना मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की आहे. कॉलम काढला किंवा नाव बदललं तर रिपोर्ट बंद पडतो, कोणीतरी ओरडतं. कॉलमचा अर्थ बदलला तर रिपोर्ट चालूच राहतो आणि चुकीचं सांगतो. म्हणून बदलाआधी दोन याद्या करतो. एक डेटाबेसला विचारून: कुठले व्ह्यू, कुठल्या प्रोसिजर या टेबलला हात लावतात. पण ही यादी अपुरी असते. कोडमध्ये हाताने लिहिलेले ५ आणि ६ तिला दिसत नाहीत, कुणाच्या डेस्कटॉपवरची एक्सेल फाइलही दिसत नाही. म्हणून दुसरी यादी माणसांना विचारून: हा आकडा तुम्ही कुठून घेता, आणि तो चुकला तर कोणाचं काय बिघडेल? मग एक महिना जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी चालवायचा. जिथे फरक पडायला हवा तिथे तो पडला का, हेही बघायचं. माझ्या वेळी शनिवारच्या रकान्यात फरक पडायला हवा होता, तो पडला नाही, आणि मी बघितलंच नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये कुवेतचे फोन नंबर सातचे आठ आकडी झाले. लँडलाइनच्या आधी २, झैनच्या आधी ९, वतनियाच्या आधी ६. त्या वेळी मी तीन आठवडे आधी टेबलाटेबलाशी फिरलो. रिसेप्शनच्या मुलीकडे एक एक्सेल निघालं, नंबर जुळवून ग्राहकांची थकबाकी काढणारं. डेटाबेसच्या यादीत त्याचा पत्ताच नव्हता!

सौदीने २०१३ मध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार केली, अमिरातीने २०२२ मध्ये शनिवार-रविवार. तिथल्या मित्रांकडे असे किती ५ आणि ६ दडलेले निघाले असतील कोण जाणे. असले किस्से असतील तर जरूर लिहा.

तो नवा मुलगा अजून याद्या करतोय. चौथा दिवस आहे. मघाशीच येऊन म्हणाला, "सर, पेरोलवाल्यांकडे एक जुनी फाइल सापडली." मी म्हटलं, आधी ती उघड.

लोभ असावा,
एक जुना कुवेतकर