सोनेगांवचा विमानतळ

प्रवासवर्णनें वाचण्याची गोडी आपल्या शाळेंतील मुलामुलींस लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दूरदेशचीं स्थळें वाचतांना जवळचें स्थळ नजरेआड होतें, असाही अनुभव येतो. परवां वर्गांत ग्रीस देशांतील स्कियाथोस नांवाच्या लहान बेटाची गोष्ट निघाली. तेथील विमानतळाची धांवपट्टी अवघी सोळाशें मीटरांच्या आसपास असून तिच्या टोकाशींच रस्ता व समुद्र आहे. उतरणारें विमान रस्त्यावरील माणसांच्या डोक्यांवरून इतकें खालून जातें कीं, तें पाहण्यासाठीं प्रवासी तेथें मुद्दाम उभे राहतात. मुलांस हें सर्व ठाऊक होतें. मात्र आपल्या सोनेगांवच्या विमानतळाविषयीं मीं विचारलें, तेव्हां "तेथून विमान सुटतें," यापलीकडे उत्तर मिळालें नाहीं. म्हणून हा लेख. ज्यांस पुढेंमागें तेथून निघावयाचें आहे त्यांनीं, व त्यांस पोंचविण्यास जाणाऱ्या आईबापांनीं, तो वाचावा अशी विनंती आहे.

विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येस, सुमारें आठ किलोमीटरांवर, वर्धा रस्त्याच्या बाजूस आहे. २०१९ सालापासून मेट्रो गाडी तिकडे जाऊं लागली. सीताबर्डीहून तींत बसल्यास उन्हाचा व गर्दीचा त्रास वांचतो. मात्र मेट्रोचें स्थानक इमारतीच्या दाराशीं नाहीं. शेवटचा टप्पा रिक्षानें गांठावा लागतो, तेव्हां सामान बेताचें असावें. सध्यांच्या इमारतीचें उद्‌घाटन १४ एप्रिल २००८ रोजीं, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीच्या दिवशीं झालें. विमानतळासही त्यांचेंच नांव आहे. ज्या नगरींत १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यांनीं धम्मदीक्षा घेतली, तिच्या या वेशीस तें नांव शोभतें. इमारत फार मोठी नाहीं, हा तिचा गुणच समजावा. दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवर शिकलेला मनुष्यही वाट चुकतो. येथें आपल्या आजीबाईसुद्धां कोणास न विचारतां आपल्या विमानापर्यंत जाऊं शकतील.

उन्हाळ्यांत जाणाऱ्यांनीं धांवपट्टीकडे विशेष लक्ष द्यावें. हवा तापली कीं विरळ होते. विरळ हवेंत पंखांस आधार कमी मिळतो व इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळें जमीन सोडण्यापूर्वीं विमानास अधिक धांवावें लागतें. नागपूरचा मे महिना कित्येकदां पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातो, हें आपणांस सांगावयास नको. येथील धांवपट्टी ३२०० मीटरांची, म्हणजे स्कियाथोसच्या जवळजवळ दुप्पट आहे. पदार्थविज्ञानाचा हा पाठ खिडकीपाशीं बसून फुकट शिकावयास मिळतो.

पण या स्थळाचें खरें महत्त्व त्याच्या इतिहासांत आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ च्या सुमारास, येथें लष्करी विमानांसाठीं मैदान तयार झालें; दुसऱ्या महायुद्धांत त्याचा पुन्हां उपयोग झाला. नंतर ३० जानेवारी १९४९ रोजीं रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, आणि या लहानशा विमानतळास साऱ्या देशांत नांव मिळालें. रफी अहमद किडवाई त्या वेळीं दळणवळणमंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्रीं एकेक विमान टपाल घेऊन निघे. मध्यरात्रीच्या सुमारास तीं चारही सोनेगांवास उतरत, पिशव्यांची अदलाबदल होई, आणि उजाडण्यापूर्वीं विमानें आपापल्या शहराकडे परतत. नागपूर भारताच्या मध्यावर आहे, एवढ्याच कारणासाठीं हा मान त्यास मिळाला. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून देशांतील साधीं पत्रेंही जादा आकार न घेतां विमानानें नेण्याची योजना सुरू झाली. आगगाडीनें ज्या पत्रास दोन दिवस लागत, तें दुसऱ्या दिवशीं हातीं पडूं लागलें. टपालाबरोबर कांहीं प्रवासीही असत. त्यांस अर्ध्या रात्रीं येथें विमान बदलावें लागे.

माझे आजोबा टपालखात्यांत होते, आणि कांहीं वर्षें त्यांची रात्रपाळी सोनेगांवास असे. जेवण उरकून ते सायकलवरून निघत व कोंबडा आरवण्याच्या सुमारास परत येत. आम्हां नातवंडांस ते या कामाचें गणित घालीत. चार विमानें, प्रत्येकांत इतर तीन शहरांच्या पिशव्या. म्हणजे राशी किती? बारा. त्या बारांतील एक पिशवी जरी चुकीच्या विमानांत चढली, तरी शेंकडों पत्रें हजार मैल भलतीकडे जावयाचीं. आजोबा म्हणत, "पत्र कोणाचें तें आपल्याला ठाऊक नसतें. कोणाच्या तरी घरीं त्याची वाट पाहत असतात, एवढें ठाऊक असतें." साऱ्या जन्मांत ते स्वतः एकदांही विमानांत बसले नाहींत.

हें काम निर्धोक नव्हतें. रात्रीच्या उड्डाणांस लागणाऱ्या सोयी अपुऱ्या आहेत, म्हणून जे. आर. डी. टाटा यांनीं आरंभींच या योजनेस विरोध केला होता. १२ डिसेंबर १९५३ रोजीं मद्रासकडे निघालेलें डाकोटा विमान येथून उडतांच कोसळलें. वैमानिक तेवढा वांचला; बाकीचे तेरा जण मरण पावले. कामगार चळवळीचे पुढारी हरिहरनाथ शास्त्री हे त्यांतच होते. आजोबा त्या रात्रीविषयीं फारसें बोलत नसत. दुसऱ्या रात्रीं आपण नेहमींच्या वेळीं कामावर गेलों, इतकेंच सांगत.

पुढें विमानें वेगवान झालीं, एका शहराहून दुसऱ्या शहरास थेट जाऊं लागलीं, आणि १९७० नंतरच्या दशकांत मध्यरात्रीचा हा मेळा बंद पडला. परंतु नागपूरचें मध्यस्थान कोठें जाणार? उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे हवाई मार्ग आजही आपल्या आसपास एकमेकांस छेदतात. निरभ्र रात्रीं गच्चीवर पडून पाहावें. हलत जाणारे दिवे दिसतील. त्यांतील बहुतेक विमानें येथें उतरत नाहींत, तरी त्यांचा मार्ग आपल्यावरूनच जातो.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. दारावरील सुरक्षा-जवान तिकीट व ओळखपत्र पाहिल्यावांचून कोणास आंत सोडीत नाहींत. पोंचविणाऱ्यांचा प्रवास त्या दाराशींच संपतो. म्हणून सांगावयाचें तें घरींच सांगून घ्यावें. गेल्या वर्षीं माझी थोरली मुलगी शिक्षणासाठीं परप्रांतीं गेली. साऱ्या वाटेंत मी तिला पेटीची किल्ली, पाकीट, दूरध्वनि यांचीच आठवण करून देत राहिलों. मनांत जें होतें त्यांतला एक शब्दही बोललों नाहीं. कांचेपलीकडे ती ओळींत उभी राहिली, एकदां वळून हंसली आणि पुढें गेली. आम्ही उभयतां बराच वेळ तेथें उभे होतों. मीं इतकीं वर्षें दुसऱ्यांचीं मुलें शिकवून पुढें धाडलीं; पण त्यांच्या आईबापांनीं माझ्या हातीं काय सोंपविलें होतें, तें त्या दिवशीं मला अधिक कळलें. आजोबांच्या बारा राशींचा अर्थही मला तेव्हांच उमगला.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यांतील पुष्कळजण एके दिवशीं याच दारानें आंत जातील. जावें, अवश्य जावें. नागपूर हें जगास बाहेर धाडणारेंच गांव आहे. मात्र मुक्कामास पोंचल्यावर सुखरूप असल्याची खबर त्याच दिवशीं घरीं कळवावी, आणि आठ दिवसांनीं, सवड काढून, स्वहस्तें एक पत्र लिहावें. दूरध्वनीवरचें बोलणें हवेंत विरतें. पत्र आई उशाशीं ठेवते, आणि घरांत कोणी नसतांना पुन्हां वाचते.