जुन्या न्हाणीतली नवी मोरी



आपल्या जुन्या घरांत न्हाणी म्हणजे मागच्या सोप्याला लागून असलेली अंधारी खोली. शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंब, पाणी अंगणात सोडणारं एक भोक आणि दाराशी चार बोटं उंच उंबरा. संडास तिथून पंधरा-वीस पावलांवर, परसदारी. गुडघे चालू असेपर्यंत यात काही चुकीचं वाटत नाही. आमच्या सासूबाई आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत आणि गेल्या वर्षापासून वॉकर घेऊन चालतात. तो उंबरा, ती गुळगुळीत झालेली फरशी आणि रात्रीची ती पंधरा पावलं, तिन्ही गोष्टी एकदम समोर आल्या.

माझी भाचेसून आर्किटेक्ट आहे. तिनं 'वेट रूम' सुचवली. म्हणजे उंबरा नाही, पायरी नाही, अंघोळीची जागा आणि कमोड एकाच सपाट खोलीत, आणि अख्खी खोली खालून-बाजूंनी पाणी न झिरपणारी. वॉकर किंवा चाकाची खुर्ची थेट आत जाते. ऐकायला फार छान. मी आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "संडासात अंघोळ करून मी बस्तीत जाऊ?"

या प्रश्नाला हसून चालत नाही. आईंचा रोजचा अभिषेकाचा नेम आहे. त्या आता गाभाऱ्याशी उभ्या राहू शकत नाहीत, लांब खुर्चीवर बसून बघतात, पण शुद्धीत बसतात. त्यांच्यासाठी अंघोळ म्हणजे दर्शनाची पहिली पायरी. ती पायरी काढून घेऊन मी त्यांना 'सोय' देणार होते. भाचेसुनेनं अशा खोल्यांचे बरेच फोटो दाखवले. त्यातल्या एकाही खोलीत हा प्रश्न कुणाला पडलेला दिसत नव्हता.

आठ दिवस घरात हाच विषय. ह्यांचं म्हणणं, आईंना समजावू. मला ते पटेना. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला आपण समजावतो तेव्हा बहुतेक वेळा दमवतच असतो. शेवटी मार्ग निघाला तो पाण्याच्या वाटेवरून.

न्हाणीला लागून लाकूडफाट्याची खोली होती. गॅस आल्यापासून तिथं फक्त अडगळ. मधली भिंत काढली तर लांबट खोली मिळत होती. मी विचारलं, कमोडकडचं पाणी अंघोळीच्या बाजूला येणारच नाही असं करता येईल का? मिस्त्री म्हणाला, "येईल की वहिनी, दोन उतार काढायचे, दोन न्हाणी ट्रॅप बसवायचे." खोलीच्या मध्यावर जमिनीला अगदी हलकी पाठ द्यायची, पायाला कळणारही नाही इतकी. तिच्या अलीकडचं पाणी एका जाळीत, पलीकडचं दुसऱ्या. मध्ये दोन फूट रुंद, कमरेएवढी आडभिंत, बाजूनं तीन फुटांची वाट. अंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपानं परसातल्या केळींना आणि कर्दळीला, कमोडचं सेप्टिक टँकला. आईंनी कागदावरचा नकाशा बोटानं चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे दोन मोऱ्या." मी म्हटलं, "हो, दोन मोऱ्या." त्यानंतर आमच्या घरात वेट रूम हा शब्द कुणी काढला नाही.

काम वैशाखात काढलं. चातुर्मासात खोदकाम नको हे एक, आणि मातीच्या भिंती कोरड्या असतानाच हात लावावा हे दुसरं. फरशी उचलायची वेळ आली तेव्हा आई सोप्यात खुर्ची टाकून बसल्या. जुन्या फरशीखाली काय असतं तुम्हाला माहीत आहे: ओल, मुंग्यांची वारुळं, गोमा. त्यांनी मिस्त्रीला सांगितलं, एका दिवशी एकच रांग उचलायची, ती रात्रभर उघडी ठेवायची, जीव आपणहून जातात. जे राहतील ते मऊ कुंचल्यानं सुपलीत घेऊन परसात झाडाखाली. यात चार दिवस जास्तीचे गेले आणि चार दिवसांची मजुरी आम्ही दिली. मी बी.कॉम. झालेली बाई, वहीत तो खर्च 'जीवदया' म्हणून वेगळा मांडला. ह्यांनी बघून चष्मा वर केला, बोलले काही नाहीत.

आता ज्यांची घरं आमच्यासारखी मातीची आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण शहरातल्या फ्लॅटची पद्धत इथं तशीच्या तशी चालत नाही. आमच्या भिंती दोन फूट जाडीच्या, कच्च्या विटांच्या, मातीतच रचलेल्या. अशा भिंतीवर सरळ सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल कोंडते आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. शिवाय आधाराचा दांडा अशा भिंतीत स्क्रूनं बसवला तर माणसाचं वजन पडल्याबरोबर स्क्रू मातीसकट हातात येईल. म्हणून आतून चार इंची भाजक्या विटांची नवी भिंत उभी केली आणि दांडे जिथं येणार तिथं विटांऐवजी काँक्रीट भरलं. दोन्हीकडून मिळून रुंदीत आठ-नऊ इंच गेले. जाऊ देत. बाहेरून जुनी भिंत मातीचीच ठेवली, तिला श्वास हवा.

उंबरा काढायचा तर आतली जमीन खाली घ्यावी लागते, नाहीतर पाणी सोप्यात येणार. कोब्याला उतार फुटाला दीड सूत ठेवला. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. यापेक्षा कमी ठेवला तर पाणी साचतं, फार जास्त ठेवला तर वॉकर आपोआप घसरायला लागतो. जमीन आणि भिंत जिथं मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारून घ्या, पाणी नेहमी तिथूनच झिरपतं. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा, जमिनीवर सगळीकडे आणि अंघोळीच्या बाजूला भिंतीवर सहा फुटांपर्यंत. मग टाइल बसवायच्या आधी दोन्ही जाळ्या बंद करून, दारात तात्पुरता बांध घालून, दोन इंच पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. पातळीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवायची. मिस्त्रीला घाई होती, "एक दिवस पुरे," म्हणत होता. मी खुर्ची टाकून बसायला आईंकडूनच शिकले आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या कोठीच्या भिंतीशी हाताएवढा ओला डाग दिसला. पाइप जमिनीतून वर येतो त्याच्याभोवती फट राहिली होती. ती भरली, पुन्हा दोन हात, पुन्हा दोन दिवस पाणी. टाइल बसल्यावर हे निघालं असतं तर सगळं फोडावं लागलं असतं.

टाइल खरबरीत, लहान आकाराच्या घेतल्या. लहान टाइलमध्ये सांधे जास्त, म्हणून पायाला पकड जास्त. दुकानदार मोठ्या चकचकीत दाखवत होता, त्या दिवाणखान्यात शोभतील. सांधे इपॉक्सीनं भरले. ते महाग पडतं, पण साध्या सांध्यांत ओल मुरते आणि शेवाळ धरतं. शेवाळात किती जीव, ते तुम्हाला मी सांगायला नको. टाइलवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड येऊ दिलं नाही. डाग ओले असतानाच पुसून घेतले तर त्याची गरजच पडत नाही. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगानं अडतं.

शॉवरचा विषय आईंनी एका वाक्यात मिटवला. टाकीतलं पाणी गाळलेलं नसतं, आणि गाळलेलं असलं तरी एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटांनी ते पुन्हा गाळावं लागतं. त्यांचं पाणी आजही विहिरीचं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं, आणि जिवाणी हळूच परत विहिरीत. म्हणून आत एक पक्कं स्टूल, पितळी बादली आणि तांब्या. सगळी अंघोळ पाऊण बादलीत. हातशॉवर बसवला आहे, तो पुढं माझ्यासाठी आणि ह्यांच्यासाठी. आपले मुनी महाराज तर 28 मूलगुणांत अस्नान पाळतात, आणि आपण अंघोळीच्या खोलीवर 1 लाख 90 हजार घालतो! आईंना हे म्हटलं तर म्हणाल्या, "ते महाराज आहेत. पण पाणी कुठं टाकायचं याचा विचार त्यांनाही चुकत नाही, समिती आहे पाचवी." उत्सर्ग समिती त्यांना दोन मोऱ्यांच्या नकाशात दिसली होती, मला ती तेव्हा कळली.

रोजची निगा सोपी आहे. अंघोळीनंतर वायपरनं पाणी ओढायचं, खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे तासाभरात जमीन कोरडी. आठवड्यातून एकदा जाळी काढून केस काढायचे. आम्ही चार दिवस कुठं गेलो तर परतल्यावर दोन्ही ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी घालते. आतलं पाणी वाळलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात, मग ती मारायची वेळ येते. ती येऊच द्यायची नाही.

आई आता पहाटे एकट्या जातात, एकट्या अंघोळ करतात आणि ओल्या केसांनी सोप्यात येऊन बसतात. गेलं वर्षभर माझी नाहीतर कामवाल्या बाईची गरज लागायची, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. कडी बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येते, तशीच मुद्दाम घेतली. तरी ती आतून लावू नये असं ह्यांचं मत आहे. आई लावतात. यावर रोज सकाळी सोप्यात थोडी बोलाचाली होते, आणि तोवर आतून तांब्याचा आवाज येत असतो.